चौघांचं एक छप्पर

मारुतीकाका तंबू ठोकणारा माणूस. देवासच्या थोरल्या पातीच्या फरासखान्यात आधी त्यांचे वडील होते, मग ते लागले. फरासखाना म्हणजे दरबारचे तंबू, कनाती आणि सतरंज्या सांभाळणारं खातं. एकाच गावात दोन संस्थानं, दोन दरबार, रस्त्याच्या या कडेला एकाचा शिपाई आणि त्या कडेला दुसऱ्याचा, असं आमचं गाव. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे बापडा. दोन दरबार म्हणजे दोन दसरे, दोन मिरवणुका, आणि तंबूवाल्याला दुप्पट काम. बाग गावच्या छापाचं लाल-काळं अस्तर लावलेला मोठा शामियाना मारुतीकाका चार माणसांत तासाभरात उभा करायचे, आणि उभा झाला की खांबाला पाठ लावून वर बघत बसायचे. त्यांना छप्पर आवडायचं. माणसं खाली काय करतात याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली. तंबू लिलावात गेले. ज्यांचे पगार थकले होते त्यांतल्या चौघांना रोखीऐवजी फरासखान्याची इमारतच तोडून दिली. तोडून म्हणजे कागदावर. लांबलचक कौलारू इमारत, तिच्यात भिंती घालून चार बिऱ्हाडं केली. दस्तऐवजात लिहिलं होतं की आपापल्या भिंतींच्या आतलं ज्याचं त्याचं. छप्पर, ओसरी आणि विहीर चौघांची सामाईक. एक बिऱ्हाड मारुतीकाका आणि जानकीबाईंचं. दुसरं प्रतापरावांचं, ते रिसाल्यात होते आणि घोड्यावरून पडून पायानं अधू झाले होते. तिसरं सगुणाबाईंचं, त्यांचा नवरा दरबारचा मशालजी होता, तो गेल्यावर त्या पापड लाटून पोट भरायच्या. चौथं आमचं. माझे वडील दत्तोपंत दप्तरात कारकून होते, आणि मी, सरला, मुलींच्या शाळेत मास्तरीण. त्या छपराखाली इंग्रजी वाचता-लिहिता येणारी मी एकटी. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ओसरीच्या मधोमध एक कोनाडा होता. त्यात भवानीचा टाक आणि पितळेची समई. मारुतीकाकांच्या वडिलांनी टेकडीवरच्या देवळातून ज्योत आणून ती लावली होती, आणि तेव्हापासून ती विझली नव्हती. तंबू परगावी निघाले की या दिव्याला नमस्कार करून निघायचे, अशी रीत होती. संस्थान गेलं, पगार गेला, तंबूही गेले, पण दिवा राहिला. जानकीबाई दिवसातून तीनदा तेल घालायच्या. त्यांचं माहेर धारचं. लग्न होऊन आल्या त्या दिवशी सासऱ्यांनी त्यांच्या हातात किल्ल्या दिल्या नाहीत, तेलाची पळी दिली. त्या हे सांगताना लाजायच्या, म्हाताऱ्या झाल्या तरी.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका गवताच्या वखारीला आग लागली आणि तिच्याबरोबर सहा घरं गेली. मारुतीकाकांनी जेवण टाकलं. तंबूवाल्याला आग काय असते ते कळतं. कापड पेटलं की माणूस नुसता बघत राहतो. त्याच महिन्यात एका लग्नाच्या मांडवासाठी ते इंदूरला गेले आणि येताना विम्याच्या एजंटाला घेऊनच आले. उमाशंकर त्याचं नाव. गोरा, गोड बोलणारा, काळी छत्री घेतलेला.

उमाशंकरनं इमारत फिरून पाहिली आणि सांगितलं, "हे बघा मारुतीराव, तुमच्या खोल्यांचा तुम्ही वेगळा विमा काढाल, पण उपयोग काय? छप्पर एक आहे. आग सगुणाबाईंच्या चुलीतून निघाली तरी तुमचं छप्पर जाणार, आणि छप्पर तर तुमच्या एकट्याच्या नावावर नाही. चौघांनी मिळून सगळ्या इमारतीचा विमा काढा. चौघांच्या सह्या पाहिजेत."

चौघांच्या सह्या! आमच्याकडे विहिरीचा रहाट दुरुस्त करायचा तर वर्ष जायचं. पण मारुतीकाका पेटले होते. दोन महिने ते दारोदार, म्हणजे तीन दारं, फिरत होते. प्रतापराव भावाला माळव्याच्या बोलीत भिया म्हणायचे. ते म्हणाले, "अरे भिया, आग लागली तर विहीर आहे ना पुढ्यात. कंपनीवाला मुंबईहून बालटी घेऊन येणार हे का?" सगुणाबाईंचं म्हणणं, जळण्याचे पैसे भरून ठेवायचे म्हणजे आगीला आवतण देणं. माझ्या वडिलांना कागदपत्र आवडायचं म्हणून ते लवकर कबूल झाले. शेवटी मारुतीकाकांनी ओसरीत सगळ्यांना बसवलं आणि कोनाड्याकडे हात करून म्हणाले, "माझ्यावर सोडा. काही वाकडं झालं तर मारुतीची मान धरा. माताजीसमोर सांगून राहिलो."

माणसानं इतकं मोठं बोलू नये. पण त्यांच्या बोलण्यावर माणसं विसंबायची, कारण त्यांनी उभा केलेला तंबू वादळातही कधी पडला नव्हता.

अर्ज इंग्रजीत होता. तो मी भरला. ओसरीत, कोनाड्याच्या खालीच, पाटावर बसून, कारण तिथं उजेड चांगला पडायचा. मी प्रश्न वाचून मराठीत सांगायची, मारुतीकाका उत्तर द्यायचे. भिंती कशाच्या? विटांच्या. छप्पर? सागवानी आढं, कौलं. दिवाबत्तीची सोय? कंदील आणि चिमण्या. मग प्रश्न आला, इमारतीत कोठेही उघडा विस्तव सतत जळता ठेवला जातो काय?

"नाही हो सरलाताई," मारुतीकाका म्हणाले. "चूल विझवल्याबिगर जानकी झोपत नाही. प्रतापरावांची बिडी तेवढी आहे, पण ती काही सतत नाही."

आम्ही हसलो. मी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं. आमच्या डोक्यावर हातभर अंतरावर समई जळत होती. तिच्याच उजेडात मी ते लिहिलं. आज कुणाला हे खरं वाटणार नाही, पण आम्हा दोघांच्याही मनात ती आली नाही. विस्तव चुलीत असतो, चिलमीत असतो, इस्त्रीत असतो. कोनाड्यात देवी होती.

सह्या झाल्यावर मारुतीकाकांनी अर्ज देवीपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. उचलताना समईचा एक थेंब कागदावर पडला आणि पसरत गेला. मी म्हटलं, "काका, दुसरा अर्ज मागवू या." ते म्हणाले, "राहू द्या ताई. प्रसाद आहे तो." दुसऱ्या दिवशी उमाशंकर अर्ज न्यायला आला, त्यानंही चपला काढून दिव्याला नमस्कार केला, कुंकवाचं बोट लागलेला कागद पिशवीत घातला आणि निघून गेला. इंदूरच्या त्या हुशार माणसालाही काही सुचलं नाही.

विम्याचा कागद आला तेव्हा मारुतीकाकांनी पेढे वाटले. पुढचं वर्षभर ते ओसरीत खांबाला पाठ लावून वर आढ्याकडे बघत बसायचे, अगदी पूर्वी शामियान्यात बसायचे तसे. मी त्यांना तसं सुखात पुन्हा कधी पाहिलं नाही.

चौपन्न सालची आश्विनातली अष्टमी. दुपारी सगळं गाव टेकडीवर. आम्हीही गेलो होतो. एकटे प्रतापराव पायामुळे घरी राहिले, ओसरीत खाटेवर. दर्शन घेऊन आम्ही कठड्याशी आलो तर खाली गावात धूर. बायका म्हणाल्या, कुणाचं बरं? मारुतीकाका कठड्याला धरून खाली बघत राहिले. तंबूवाल्याची नजर, उंचावरून छपरं ओळखणं हा त्यांचा जन्माचा धंदा. जानकीबाईंकडे वळून त्यांनी फक्त विचारलं, "दिव्यात तेल घालून आली होतीस ना?" त्या म्हणाल्या, "हो, भरून."

आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत आढं खाली आलं होतं. नगरपालिकेचा बंब आग विझल्यावर पोचला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. प्रतापरावांना शेजारच्यांनी खाटेसकट बाहेर काढलं होतं. ते रस्त्यात बसून एकच सांगत होते. झोपेतून डोळा उघडला तर उंदीर समईतली पेटती वात तोंडात धरून खांबावरून वर चढत होता. वर माळ्यावर मारुतीकाकांनी लिलावातून उरलेल्या कापडी कनाती गुंडाळून ठेवलेल्या होत्या. बस्स. पुढचं सांगायला नको.

चार भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ. आम्ही सगळे धर्मशाळेत गेलो. कोणी मारुतीकाकांना बोललं नाही, कारण विमा होता. सगुणाबाईसुद्धा म्हणाल्या, "तू आग्रह केलास म्हणून, नाहीतर आज आम्ही कुठं जातो?" मारुतीकाकांनी मान खाली घातली, पण मला ठाऊक आहे, त्या राखेतही त्यांना अभिमान वाटत होता.

कंपनीचा पाहणीसाहेब यायच्या सकाळी मी माझ्याजवळची अर्जाची नक्कल सहज वाचायला काढली, आणि उघड्या विस्तवाच्या प्रश्नापाशी अडले. आमचं उत्तर तिथं होतं, माझ्या अक्षरात. मी धावत मारुतीकाकांकडे गेले. प्रतापराव तिथंच होते. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मी झोपलो होतो. मला काही दिसलं नाही. वरून कौल तापलं, पेटलं, काय माहीत. सुन रे मारुती, दिव्याचं नाव काढायचं नाही."

"काका, तुम्ही काहीच बोलू नका," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं तर माहीत नाही म्हणा. एवढंच." मारुतीकाकांनी मान हलवली. मला वाटलं, झालं.

साहेब वयस्कर होते, कान टोपीत झाकलेले, स्वभावानं वाईट नव्हते. हिंदीत बोलायचे. जळक्या ओसरीत उभं राहून त्यांनी सगळं मोजलं, प्रतापरावांचं म्हणणं लिहून घेतलं. कोनाड्यातला टाक मारुतीकाकांनी आधीच उचलून आणला होता, आणि एका बाजूला वितळून कलंडलेली समईही. साहेबांना त्यातलं काही दिसलं नाही. काम संपत आलं. मग त्यांनी पिशवीतून मूळ अर्ज काढला, सह्या ताडून पाहायला, आणि सहज विचारलं, "यह दाग काहे का है?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कुणी सांगितलं होतं तो कागद देवीपुढे ठेवायला?

"तेल है साब," मारुतीकाका म्हणाले. "माताजी के दिये का."

मी डोळ्यांनी खुणावत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"दिया? यहाँ दिया जलता था?"

"जी. मेरे बाप के जमाने से."

साहेबांनी लिहायची लेखणी थांबवली. चष्म्यावरून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. अधू प्रतापराव, सगुणाबाई, माझे वडील, मी. मग ते हळू आवाजात म्हणाले, ते शब्द मला अजून पाठ आहेत, "सोचकर बोलो, भाई. उस दिन तो आप सब टेकड़ी पर थे. दिया तो बुझ गया होगा?"

देवमाणूस होता तो. दार उघडून उभा होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. हो, त्या दिवशी विझला होता. चार बिऱ्हाडांचं छप्पर त्या एका शब्दावर होतं, आणि मारुतीकाकांना ते कळत होतं. त्यांनी जानकीबाईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाशी धरून खाली बसल्या होत्या. चाळीस वर्षं दिवसातून तीनदा तेल घातलेली बाई.

"नहीं साब," ते म्हणाले. "एक दिन नहीं बुझा. ये तेल भरके गई थी."

साहेबांनी लेखणी टेकवली आणि लिहिलं.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. तेही मलाच वाचायला लागलं. इमारतीत सतत जळता दिवा असताना अर्जात 'नाही' असं उत्तर दिलं, ही वस्तुस्थिती लपवली, सबब विमा रद्द. माझा तो शब्द त्यांनी अवतरणात दिला होता. लपवली! आम्ही काय लपवलं? त्याच्याच उजेडात बसून लिहिलं होतं. मला कंपनीचा राग आला, उमाशंकरचा आला, त्या उंदराचा आला, आणि मग एक-एक करून सगळे राग गळून पडले आणि मी एकटीच उरले.

मारुतीकाका सगळ्यांसमोर उभे राहिले. "मान धरा म्हणालो होतो," ते म्हणाले. प्रतापरावांनी धरली असती तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "तुझी माताजी तुला मुबारक भिया. आम्हाला तिनं उघड्यावर आणलं." सगुणाबाईंनी आपला विहिरीवरचा तांब्या उचलला आणि त्या धर्मशाळेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. माझ्या वडिलांनी मला कधी शब्दानं दुखवलं नाही. मात्र त्या दिवसानंतर, आमची सरला इंग्रजी लिहिते, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी मारुतीकाकांना एकदा विचारलंच. संतापून विचारलं. "एक 'हो' म्हणायला काय झालं होतं काका? देवीला कळलं नसतं का?"

"देवीला कळलं असतं हो," ते म्हणाले. "पण जानकीला काय सांगू? की तू विझू दिलास?"

तरी मी सांगते, मला त्यांचं पटलं नाही. आजही पटत नाही. सगुणाबाईंचं धर्मशाळेतलं म्हातारपण कुणी पाहिलं असतं तर त्यालाही पटलं नसतं.

मग मारुतीकाकांनी ठरवलं की छप्पर आपण बांधायचं, चौघं मिळून. पण सामाईक छपराची गंमत अशी, की एकानं बांधू म्हटलं तर बांधता येत नाही. त्यांच्या आढ्याचं टोक प्रतापरावांच्या भिंतीवर, प्रतापरावांचं आमच्या भिंतीवर. प्रतापराव मुलीकडे राजगढला निघून गेले आणि सही द्यायला आले नाहीत. आम्ही भाड्याच्या घरात गेलो. दोन पावसाळे मारुतीकाका आणि जानकीबाई आपल्या भिंतींच्या आत राहिले, वर एक जुनं गोणपाटाचं किलतान बांधून. फरासखान्याचा माणूस, स्वतःच्या घरात तंबू ठोकून. गावातली पोरं हसायची. तिसऱ्या पावसाळ्यात मधली भिंत बसली. तेव्हा चौघांच्या सह्या झाल्या, पटकन झाल्या, कारण आता विकायचं होतं. एका सरकीच्या व्यापाऱ्यानं जागा घेतली आणि गोदाम बांधलं.

मारुतीकाका स्टेशनच्या वाटेवर एका माडीखालची खोली भाड्यानं घेऊन राहिले. मांडववाल्याकडे कामाला जायचे, पण नुसते दोर ओढायला. वर चढायचं त्यांनी सोडलं होतं. मी दिवाळीला जायची. खोलीत देवीचा टाक होता, फुलं असायची, समई नसायची. ती कलंडलेली समई कनातीच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेखाली ठेवलेली होती. जानकीबाईंचा हात सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठं जायचा कोण जाणे. कधीकधी त्या उगीच उठून कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन बसायच्या.

एकोणसाठच्या थंडीत मारुतीकाका गेले. चार दिवस ताप आला आणि गेले. मी पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. खोली सारवून घेतलेली. जिथं जीव जातो तिथं आपल्याकडे दिवा ठेवतात, त्याच्यापाशी पीठ पसरतात. तिथं पीठ नव्हतं, दिवा नव्हता. मला वाटलं, बिचारीला कुणी करणारं नाही. मी ट्रंकेखालून ती समई ओढली, पदरानं पुसली, शेजारच्या बिऱ्हाडातून वाटीत तेल आणलं, वात वळली. समई एका बाजूला कलत होती म्हणून तिच्याखाली खापरीचा तुकडा लावला. काडी ओढणार, तोच जानकीबाईंनी माझा हात धरला.

"नको सरलाताई."

"काकू, एवढं तरी करू द्या. त्यांच्यासाठी."

"ते सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. "माझ्यामागं दिवा ठेवू नको म्हणाले. वर तीन बिऱ्हाडं आहेत."

मी काडी परत पेटीत ठेवली. संध्याकाळ झाली तेव्हा त्या उठल्या, आणि खोलीतला कंदीलही त्यांनी बाहेर नेऊन रस्त्याच्या कडेला, मातीवर ठेवला.